आमचा दावा काय? दापोलीपासून 'आयदान'पर्यंत

गेल्या पावसाळ्यात मी एक लेख लिहिला. चांगला बारा पानी. रात्रपाळी करून आलो की झोपायच्या आधी तासभर लिहायचो. असा दीड महिना लिहिला. विषय होता ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. आमच्या रत्नागिरीचं पुस्तक. आमच्या चढउतारांचं, आमच्या बायांचं. मी घाटापलीकडं एका सूतगिरणीत साच्यावर काम करतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही शिकलो ते वाडीतल्या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि एसटीच्या मागच्या बाकावर बसून. तेव्हा लेख पुरा झाला त्या दिवशी मला गगन ठेंगणं झालं होतं.

लेख घेऊन गावी आलो. रविवारी विहारात आमचं अभ्यासमंडळ बसतं. एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांना सगळा वाचून दाखवला. बारा पानं ऐकून घेतली बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, "भाषा चांगली आहे रे तुझी. पण यात तू म्हणतोस काय?"

मी म्हणालो, "गुरुजी, बारा पानं म्हणतोच आहे की."

"एका वाक्यात सांग."

मी सांगितलं, "आयदानमध्ये दलित स्त्रीच्या वेदनेचं विदारक चित्रण आहे."

"आता त्या वाक्यातून आयदान काढ आणि 'जिणं आमुचं' घाल. वाक्य खरं राहतं?"

राहत होतं. 'माज्या जल्माची चित्तरकथा' घातलं तरी राहत होतं. गुरुजी म्हणाले, "मग तू आयदान वाचलंस कशाला? न वाचताच लिहिता आलं असतं हे."

सगळ्या पोरांसमोर बोलले. मला राग आला. राग घेऊनच घाट चढलो. पण साच्यावर उभा राहिलो की डोकं मोकळं असतं, आणि आठवडाभर ते एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. म्हातारा खरं बोलला होता.

यात माझ्या एकट्याच्या लेखाचा प्रश्न असता तर इथली पानं मी खर्ची घातली नसती. पण तुम्ही आम्ही सगळेच असं लिहितो. आपल्या कुठल्याही अंकातलं कुठलंही परीक्षण काढा. वेदना आहे, विद्रोह आहे, नकार आहे. हे शब्द आपल्या माणसांनी रक्त आटवून कमावले. सत्तरच्या दशकात ते शब्द उच्चारणं म्हणजे प्रस्थापितांच्या तोंडावर थप्पड होती. आज आपण त्यांचे रबरी शिक्के केले आहेत. पुस्तक आलं की शिक्का मारायचा आणि पुढचं घ्यायचं. पांढरपेशा समीक्षकाला तरी दुसरं काय पाहिजे? तो पाठीवर हात ठेवतो, 'अनुभव मोठा जिवंत आहे हो' म्हणतो, आणि त्या अनुभवाचा अर्थ काय हे ठरवायचं काम स्वतःकडं ठेवतो. कापूस आमचा, कापड त्यांचं. आपल्या पुस्तकात काय आहे हे आपण नेमकं सांगितलं नाही तर दुसरा कोणीतरी सांगणार. आणि तो त्याच्या सोयीनं सांगणार.

म्हणून म्हणतो, लेखाला दावा हवा. प्राध्यापक लोक त्याला प्रतिपादन म्हणतात, सिद्धान्त म्हणतात. मला दावा शब्द बरा वाटतो. दावा कोर्टात लावतात. दावा लावणाऱ्याला आपलं म्हणणं काय ते स्वच्छ सांगावं लागतं, पुरावा आणावा लागतो, आणि समोर वकील उभा असतो. ज्याच्या विरुद्ध कोणी उभंच राहणार नाही तो दावा कसला?

ही रीत आपल्याला नवी नाही. कॉलेजातून आलेली नाही, इंग्रजी पुस्तकातूनही नाही. ती आपल्या घरची आहे आणि तिचं एक ठिकाण इथलंच, रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. दापोली.

दापोलीला इंग्रजांचा लष्करी कॅम्प होता. कोकणातली महार माणसं इंग्रजांच्या पलटणीत मोठ्या संख्येनं होती आणि पेन्शन घेतल्यावर त्यातली कितीतरी दापोलीला राहिली. पलटणीत त्यांना अक्षरओळख झालेली. त्यांच्यातले एक गोपाळबाबा वलंगकर. मूळ गाव महाडजवळचं रावढूळ. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्यांनी एक पुस्तिका काढली. नाव 'विटाळ विध्वंसन'. तिच्यात सव्वीस प्रश्न होते. प्रश्न कोणाला? शंकराचार्यांना, पंडितांना, धर्माच्या मालकांना.

मित्रांनो, जरा थांबून विचार करा. १८८८ साल. बाबासाहेबांच्या जन्माला अजून तीन वर्षं आहेत. ज्याच्या सावलीचा विटाळ मानतात असा माणूस शंकराचार्यांना प्रश्न करतो आहे. तोवर उत्तर द्यायची पाळी कायम आमची होती. तू इथं का उभा राहिलास, पाण्याला का शिवलास, वाट का सोडली नाहीस. गोपाळबाबांनी ती पाळी उलटवली. विटाळ कुठून आला, कशाच्या आधारानं आला, ते तुम्ही सांगा. आपलं दुःख किती मोठं हे सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही सिद्ध करून दाखवा.

त्यांनी मंडळी स्थापन केली तिचं नाव बघा. 'अनार्य दोष परिहारक मंडळी'. मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा जुन्या वळणाचं, जड वाटलं. मग शब्द सुटे केले. दोष आहे, पण त्याचा परिहार होऊ शकतो. ज्याचा परिहार होतो तो दोष जन्माचा नसतो, रक्तातला नसतो. तो लावलेला असतो. पाटीवरच्या चार शब्दांत अख्खा दावा. आणि हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १८९५ साली गोपाळबाबांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना त्यांच्याबरोबर बसणं जड गेलं. शंकराचार्यांना विचारलेले प्रश्न आता बोर्डाच्या खुर्चीत येऊन बसले होते.

गोपाळबाबांना ही रीत कोणी दिली? ते जोतीरावांच्या विचारातले. 'दीनबंधु'त लिहीत होते. आणि जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून ठेवली होती. आपण 'गुलामगिरी' भाषणात घेतो, घोषणेत घेतो. माझं म्हणणं, ती एकदा समीक्षा म्हणून वाचा. जोतीराव काय करतात? घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या अवतारांच्या गोष्टी घेतात. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. आणि एकच दावा धरून त्या सगळ्या वाचतात, की या देवाच्या लीला नाहीत, बाहेरून आलेल्यांनी इथल्या लोकांना जिंकल्याच्या हकिकती आहेत, आणि जिंकणाऱ्यांनीच त्या लिहिल्या आहेत. म्हणून मग बळी हा राक्षस राहत नाही, राजा होतो. वामन हा देव राहत नाही. गोष्ट तीच. शब्दही तेच. वाचणाऱ्याची जागा बदलली.

आणखी एक. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. धोंडिबाला आपण साधा श्रोता समजतो. पण वाचणाऱ्याच्या मनात येणारी शंका तो आधीच विचारतो. म्हणजे प्रतिपक्षाला जोतीरावांनी आपल्याच पुस्तकात बसायला जागा दिली. आपल्या लेखांत धोंडिबा कुठं असतो? आपण सगळे जोतीरावच.

खरं ते सांगायला पाहिजे. जोतीरावांनी शब्दांच्या ज्या व्युत्पत्त्या लावल्या त्यातल्या बऱ्याच आज टिकत नाहीत. म्हणून दावा मेला का? नाही. ही गोष्ट कोणी सांगितली आणि कोणाच्या फायद्याची, हा त्यांचा प्रश्न आजही कुठल्याही पोथीला लावा, पोथी बोलू लागते. पुराव्याची एक काडी मोडली तर दुसरी लावता येते. दावाच नसेल तर काड्या गोळा करून उपयोग काय?

आता बाबासाहेब. आंबडवे गाव मंडणगड तालुक्यातलं. सुभेदार रामजी पेन्शनीत निघाल्यावर दापोलीला राहिले तेव्हा लहानगा भीमा त्याच पेन्शनरांच्या वस्तीत वाढत होता. तिथून न्यूयॉर्क. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. वय किती? पंचवीस. तुमच्या माझ्या वयाचे.

हा निबंध मी मराठीतून तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मी फक्त एवढंच बघितलं, की हा माणूस बांधकाम कसं करतो. आधी तो चार मोठी नावं समोर ठेवतो. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. जात म्हणजे काय हे प्रत्येकानं सांगितलेलं. एक म्हणतो विटाळाची कल्पना, एक म्हणतो रोटीबंदी. बाबासाहेब एकेक उचलून तपासतात. विटाळ? तो पुरोहितांच्या कर्मकांडातून येतो, जात त्याच्यावाचून उभी राहू शकते. रोटीबंदी? जात बंद झाली म्हणून रोटी बंद झाली, नेसफिल्डनं परिणामाला कारण समजलं. केतकर जास्त जवळ आले, पण बेटीबंदी आणि जन्मानं सभासदत्व ही त्यांनी दोन लक्षणं मानली. ती एकाच नाण्याच्या दोन बाजू. असं छाटत छाटत शेवटी एकच उरतं. जातीतल्या जातीत लग्न. बाकी सगळं काढून टाका, जात राहते. हे काढा, जात राहत नाही.

मग बाबासाहेब त्या एका गोष्टीला कामाला लावतात. जात बंद ठेवायची तर तिच्यातल्या बाया आणि पुरुष यांची संख्या सारखी ठेवावी लागणार. नवरा मेला, बायको उरली, काय करायचं? जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली, नवरा उरला, त्याला काय करायचं? अजून वयात न आलेली पोर त्याला द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तीन चाली, ज्यांच्याबद्दल लोक वेगवेगळी कौतुकं सांगत होते, त्या एका दाव्यात ओवल्या गेल्या. दावा पक्का की नाही हे इथं कळतं. तो आधी विखुरलेल्या गोष्टी एकत्र आणतो, आणि कोणी न विचारलेला प्रश्नही सोडवतो. आणि बघा, जातीचा शोध घेता घेता बाईच्या शरीरापर्यंत येऊन पोचले. १९१६ साली.

निबंधाच्या शेवटी ते म्हणतात ते तर प्रत्येक कार्यकर्त्यानं उशाखाली ठेवावं. माझा सिद्धान्त टिकत नाही असं दाखवून दिलं तर मी तो सोडून द्यायला तयार आहे, असा त्याचा आशय आहे. आपण बाबासाहेबांचं नाव लावलं की आपलं म्हणणं सिद्ध झालं समजतो. पण खुद्द बाबासाहेब कोणाचं नाव लावून काही सिद्ध करत नव्हते. मोठ्यात मोठं नावही ते आधी तपासून घेत.

पुढं १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' आलं. त्याच्या प्रस्तावनेत, पुराव्याचे दुवे सापडत नाहीत तिथं काय करायचं याचाही विचार त्यांनी केला आहे. तिथं हातावर हात ठेवून बसायचं नाही. कल्पनेनं दुवा जोडायचा, पण जोडलेला दुवा कुठला आणि सापडलेला कुठला हे लपवायचं नाही. आम्ही साच्यावर दिवसभर तेच करतो. धागा तुटला की सांधायचा. वाईट सांधला तर पुढं विणताना पुन्हा तुटतो आणि कोणाच्या पाळीतला आहे ते कळतंच. त्या पुस्तकातल्या सिद्धान्तावर वाद झाले, आजही होतात. ज्या लेखांवर कोणी वादच घालत नाही ते लेख कुठं आहेत? रद्दीत.

आणि शेवटचं उदाहरण, गिरणीवाल्याचं. २ मार्च १९५८, दादर, पहिलं दलित साहित्य संमेलन. उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे. मुंबईत गिरणीत राबलेला माणूस. त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित आणि कामगारांच्या तळहातावर तरली आहे. टाळ्या पडल्या असतील. पण ही फक्त टाळीची ओळ नाही. शेषाची गोष्ट सांगणाऱ्यांनी श्रम करणारा हात गोष्टीतून गाळला, हा आरोप तिच्यात आहे. ती घेऊन कुठल्याही कादंबरीकडं जा. विचारा, या घरात पाणी कोण भरतं? या बंगल्याचा संडास कोण साफ करतं? लेखकानं त्याला नाव दिलं आहे का? बघा कादंबरी कशी दिसते ती.

हे सगळं वाचून मी पुन्हा 'आयदान' उघडलं. पहिलं वाक्य खोडलं. दुसरं लिहिलं, 'आयदान जात आणि पुरुषसत्ता या दोन्हींवर प्रहार करते'. बरं होतं, पण कोण नाही म्हणणार? धोंडिबाला विचारायला काही जागाच नव्हती.

त्या सुट्टीत आजी पडवीत बसली होती. आता तिच्या हातून होत नाही, पण एके काळी रोवळ्या, सुपं, हारे विणून रत्नागिरीच्या बाजारात नेऊन विकायची. आजा मुंबईला गिरणीत. १९८२ च्या संपानंतर तो रिकाम्या हातानं परत आला, तेव्हा घर त्या रोवळ्यांवर चाललं. मी तिला पुस्तकातला सुरुवातीचा भाग वाचून दाखवला. डोक्यावर ओझी घेऊन बाया रत्नागिरीच्या बाजाराला निघतात तो. आणि वर माझं भाष्य जोडलं, की आजी, यात तुमच्या वेदना आहेत.

आजी म्हणाली, "दुखत होतं रे. मान मोडायची. पण रडत कधी बसलो आम्ही? रडत बसलो असतो तर रोवळ्या कोणी विणल्या असत्या, तुझ्या आज्याने?"

आजा आत होता. काही बोलला नाही.

मग मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हातात पेन्सिल घेऊन, आणि जिथं जिथं कोणी बाई काही काम करते आहे तिथं खूण केली. पानं भरून गेली खुणांनी. आणि नाव तर डोळ्यांसमोरच होतं. आयदान म्हणजे बांबूची वस्तू. इतरत्र हे काम बुरुडांचं, कोकणात ते आपल्या लोकांकडं. बाप मास्तर, तो लवकर गेला, आई आयदानं विणून घर चालवते. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं बाईंनी स्वतःच मनोगतात सांगितलं आहे. मी बारा पानं लिहिली होती आणि पुस्तकाच्या नावाबद्दल त्यात एक ओळ नव्हती!

तेव्हा तिसरं वाक्य लिहिलं. 'आयदान हे दुःखाचं पुस्तक म्हणून वाचलं जातं, पण त्याचा कणा काम आहे. चळवळीच्या आणि घराच्या इतिहासात बायांचं जे काम मोजलं गेलं नाही, त्याचा हिशेब ते मांडतं, आणि म्हणून ते एकीची गोष्ट सरळ न सांगता अनेकींच्या गोष्टी एकमेकींत विणत जातं.'

यात आता दुसऱ्या पुस्तकाचं नाव घालता येत नाही. पुस्तकात काय आहे आणि ते तसं का लिहिलं आहे, दोन्ही त्यात आहे. पुरावा पुस्तकातूनच द्यावा लागतो. आणि ज्या बाईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधून काढल्या, त्याच बाईंनी १४ वर्षांनी आत्मकथन असं का लिहिलं, तेही उलगडू लागतं.

गुरुजींना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि लगेच धोंडिबा झाले. "पण पुस्तकाचा पुढचा भाग मुंबईचा. नोकरी, एम.ए., लेखन, नवऱ्याशी ताण. तिथं बांबू कुठं आहे? ही तर शिकून पुढं गेलेल्या बाईची गोष्ट आहे असं मी म्हणेन."

मी गप्प झालो. मग घाट चढताना उत्तर सापडलं. शिक्षण कोणाच्या विणण्यावर झालं? आणि मुंबईत नोकरी करून आल्यावर घरातलं काम कोण करत होतं? तेही न मोजलेलंच काम. गुरुजींचा आक्षेप मी लेखात घेतला, त्यांच्याच शब्दांत, आणि त्याच्या पुढं माझं उत्तर. बारा पानांची सहा पानं झाली. जी सहा गेली ती सगळी विशेषणं होती.

तेव्हा दोस्तांनो, लिहायला बसाल तेव्हा आधी पेन्सिल घेऊन वाचा. मग तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहा. पुस्तकाचं नाव बदलून बघा. याला नाही म्हणणारा शहाणा माणूस असू शकतो का ते बघा. नसेल तर वाक्य फाडा. पुस्तकातलं जे तुमच्या दाव्यात बसत नाही त्याच्यापासून पळू नका, लेखाचं खरं काम तिथंच आहे. आणि घोषणा मोर्चाला ठेवा. मोर्चात घोषणा लागतेच, मीही देतो. लेखात ती पुराव्याची जागा अडवून बसते.

पेन्शनीतल्या एका हवालदारानं दापोलीत बसून सव्वीस प्रश्न लिहिले. आपल्याला लेखाला एकच पुरे, पण तो आपला असला पाहिजे. माझ्या दाव्यात खोट दिसली तर पुढच्या अंकात लिहा. सोडून द्यायची माझी तयारी आहे, पण आधी भांडेन.

जयभीम.